मॅज गेली ते बरोबरच झालं

विल्यम इंज या अमेरिकन नाटककाराचं स्वतःच्याच सर्वांत गाजलेल्या नाटकाशी कधी पटलं नाही. ‘पिकनिक’ १९ फेब्रुवारी १९५३ रोजी ब्रॉडवेवरच्या म्युझिक बॉक्स थिएटरमध्ये उभं राहिलं, त्याचे ४७७ प्रयोग झाले, त्याच वर्षी नाटकासाठीचं पुलित्झर पारितोषिक त्याला मिळालं. तरी इंजच्या मनात सल राहिला तो शेवटाचा. दिग्दर्शक जोशुआ लोगननं त्याला शेवट बदलायला लावला होता. इंजच्या मनातल्या नाटकात गावातली देखणी मुलगी मॅज गावातच राहत होती आणि तिला एका रात्रीत वेड लावणारा फिरस्ता हॅल एकटाच निघून जात होता. लोगननं हट्ट धरला की मॅजनं त्याच्यामागे जायला हवं. इंज नाइलाजानं तयार झाला. पण १९६२ साली त्यानं हेच नाटक ‘समर ब्रेव्ह’ या नावानं नव्यानं छापलं आणि त्यात मॅजला पुन्हा गावात ठेवून घेतलं.

लोगननंच १९५५ साली कोलंबिया स्टुडिओसाठी ‘पिकनिक’ पडद्यावर आणला, तेव्हा अर्थातच मॅज गेली. तेव्हापासून एक मत जवळजवळ ठरून गेलं आहे. नाटककार खरं सांगत होता, ब्रॉडवे आणि हॉलिवूडनं ते गोड केलं, असं ते मत. ते पटण्यासारखं वाटतं, कारण धंद्यानं कलेवर कुरघोडी केल्याच्या गोष्टी आपण नेहमीच ऐकतो. पण चित्रपट नीट पाहिला तर ते टिकत नाही. मॅजचं जाणं या कथेला हवंच होतं. आणि ते जाणं गोड नाही. त्याचा पुरावा विल्यम होल्डन आणि किम नोव्हाक या नायक-नायिकेपेक्षा मॅजच्या घरात भाड्यानं राहणाऱ्या एका शाळामास्तरणीपाशी जास्त सापडतो.

इंजचा जन्म १९१३चा, कॅन्ससमधल्या इंडिपेंडन्स या लहानशा गावातला. पाच भावंडांत तो धाकटा. त्याची आई घरात भाडेकरू ठेवायची आणि त्यांत शाळेत शिकवणाऱ्या तीन अविवाहित बायका होत्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतली कितीतरी शिक्षण मंडळं लग्न झालेल्या बाईला नोकरीवर ठेवत नसत. म्हणजे शाळा की संसार, यातलं एकच काहीतरी निवडायचं. या बायका दर सप्टेंबरला नवा वर्ग घ्यायच्या, दर सुट्टीत कुठंतरी जमेल अशी आशा धरायच्या आणि पुन्हा त्याच खोलीत परतायच्या. हे सगळं एका लहान मुलाच्या नजरेसमोर घडत होतं. पुढे इंजनं स्वतः शाळेत शिकवलं, सेंट लुईसच्या एका वर्तमानपत्रात नाट्यसमीक्षा लिहिली आणि १९५०च्या ‘कम बॅक, लिटल शीबा’नं तो नाटककार म्हणून उभा राहिला. ‘पिकनिक’चं बीज होतं ‘फ्रंट पोर्च’ नावाचं एक अर्धवट लिखाण. उन्हाळ्यात घरापुढच्या व्हरांड्यात बसलेल्या बायका, एवढंच त्यात होतं. पुरुष त्या व्हरांड्यात नंतर आला.

कथा चोवीस तासांची आहे. सप्टेंबरचा पहिला सोमवार, अमेरिकेतला कामगार दिन. या सुट्टीनं उन्हाळा संपतो आणि शाळा उघडतात. हॅल कार्टर मालगाडीतून उतरतो. खिसा रिकामा, पायात बापाचे बूट. कॉलेजातला जुना मित्र अ‍ॅलन बेन्सन याच्या बापाची धान्याची कोठारं आहेत, तिथं काहीतरी बरी नोकरी मिळेल या आशेनं तो आला आहे. आधी तो शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस पॉट्सकडे न्याहारीच्या बदल्यात अंगणातला कचरा जाळायचं काम करतो. अंगणाला लागून ओवेन्स कुटुंबाचं घर आहे. नवरा सोडून गेलेली फ्लो, तिच्या दोन मुली – देखणी मॅज आणि पुस्तकात डोकं घालून बसणारी मिली – आणि भाडेकरू शिक्षिका रोझमेरी. मॅजचं लग्न अ‍ॅलनशी जमवायचं, हा फ्लोचा ध्यास. संध्याकाळी गावजेवणासारखी सहल असते. तिथं हॅल आणि मॅज एकमेकांबरोबर नाचतात आणि त्या रात्रीतून सगळ्यांची घडी विस्कटते.

नाटकात ही सहल दिसतच नाही. सगळं दोन घरांच्या मधल्या अंगणात घडतं, पात्रं सहलीला निघतात आणि परत येतात. रंगभूमीवर ते शोभतंही. पण पडद्यावर लोगननं तोच भाग उघडा केला आणि इथं चित्रपटानं नाटकाला काहीतरी दिलं. पटकथाकार डॅनियल टॅराडॅशनं प्रसंग बाहेर काढले, तर लोगननं युनिट थेट कॅन्ससला नेलं. मालगाडी आणि कोठारं सॅलिनाची, तळं स्टर्लिंगचं, शेजारशेजारची दोन घरं निकर्सनची, सहल हॅल्स्टेडच्या नदीकाठच्या बागेतली आणि आणखी काही चित्रीकरण हचिन्सनमध्ये. गर्दीत आसपासच्या गावांतली खरी माणसं.

त्या सहलीकडे मुद्दाम बघावं. कथा तिथं थांबते आणि कितीतरी वेळ लोगन फक्त गाव दाखवतो. रडणारं तान्हं बाळ, कलिंगडाच्या फोडीत बुडालेली तोंडं, एकेक पाय एकत्र बांधून धावणाऱ्या जोड्या, आपल्या गाण्याची पाळी येईपर्यंत ताटकळलेल्या बायका, झाडाखाली डोळा लागलेला म्हातारा. कॅमेरामन जेम्स वाँग हाऊ होता, दक्षिण चीनमध्ये जन्मलेला आणि तोवर हॉलिवूडमध्ये तीसहून अधिक वर्षं मुरलेला. त्यानं सिनेमास्कोपचा आडवा पडदा माणसांनी भरून काढला. एका चौकटीत आठ-दहा चेहरे, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला दिसेल अशा अंतरावर. लहान गावाचं सुख आणि लहान गावाचा जाच, दोन्ही त्या एका रचनेत मावतात. इथं कुणी एकटं पडत नाही आणि कुणाला एकटं राहूही देत नाहीत. रंगमंचावर शेजाऱ्यांचे डोळे संवादांतून सुचवावे लागतात. इथं ते नुसते असतात.

नाटकाचं नेपथ्य जो मिएलझिनरनं केलं होतं. चित्रपटाचं कलादिग्दर्शनही त्यानं विल्यम फ्लॅनरीबरोबर केलं आणि चित्रपटाला मिळालेल्या दोन ऑस्करपैकी एक त्या विभागात आलं, दुसरं संकलनासाठी. रंगमंचासाठी रंगवलेलं अंगण आणि कॅन्ससमधलं खरं अंगण, दोन्ही एकाच माणसानं रचली, असं फारसं घडत नाही. त्यामुळे खऱ्या घरांतही नाटकातली जवळीक टिकून राहिली. एका व्हरांड्यातून बोललेलं दुसऱ्या व्हरांड्यात ऐकू जातं आणि स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारामागे कोण उभं आहे हे सगळ्यांना कळतं.

होल्डन तेव्हा सदतीस वर्षांचा होता. हॅल जेमतेम पंचविशीचा हवा. या निवडीवर टीका झाली आणि ती अगदीच चुकीची नाही. अ‍ॅलनच्या भूमिकेतला, पहिल्यांदाच पडद्यावर आलेला क्लिफ रॉबर्टसन त्याच्यासमोर धाकटा भाऊ वाटतो. पण या वयानं भूमिकेला एक वेगळंच काहीतरी दिलं. पंचविशीचा हॅल फुशारक्या मारतो तेव्हा तो नुसता बढाईखोर ठरला असता. होल्डनचा हॅल फुशारक्या मारतो तेव्हा त्यामागची भीती ऐकू येते. हॉलिवूडमध्ये संधी हुकली, फुटबॉलच्या बळावर मिळालेलं कॉलेज सुटलं, सुधारगृहात दिवस काढले, बाप दारू पिऊन मेला. आता मित्राच्या कोठारात निदान टाय लावून बसायची नोकरी मिळावी, इतकीच धडपड. अ‍ॅलन त्याला धान्य उपसायचं काम देऊ करतो. त्या उंच कोठाराच्या माथ्यावर उभं राहून हॅल खाली पसरलेल्या सपाट मुलखाकडे बघतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद आहे आणि घाईही आहे. या माणसाकडे आता फारसा वेळ उरलेला नाही.

वेळेचा हा धाक चित्रपटातल्या प्रत्येकावर आहे. फ्लो आपल्या मुलीला वयाचा हिशेब मांडून दाखवते. मुलगी एकोणीसची असते, मग विसाची, एकविसाची, आणि मग एकदम चाळिसाची. हे बोलताना बेटी फील्डचा आवाज चढत नाही. ती घरातल्या जमाखर्चाबद्दल बोलावं तशी बोलते, म्हणूनच ते अंगावर येतं. मॅज एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात विक्रेती आहे. आपल्याला सगळे देखणीच म्हणतात, दुसरं काही म्हणत नाहीत, ही तिची तक्रार आहे आणि नोव्हाक ती तक्रार इतक्या जड, संथ सुरात बोलते की काहींना तो अभिनयाचा कच्चेपणा वाटला. तो कच्चेपणा असेलही. पण ज्या मुलीला आयुष्यभर नुसतं बघितलं गेलं आणि काही विचारलं गेलं नाही, ती अशीच बोलेल.

आता तो नाच. कागदी कंदिलांचा रंगीत उजेड, नदीकाठचा लाकडी धक्का, लांबून वाजणारा बँड. हॅल मिलीला पावलं शिकवत असतो. तिला ती जमत नाहीत. पायऱ्यांवरून गुलाबी पोशाखातली मॅज खाली येते, हातानं ठेका धरत, टाळ्या अगदी हलक्या. हॅल तिच्याकडे वळतो. दोघांमध्ये बराच वेळ अंतर राहतं. ती बोटं वाजवते, तो खांदे हलवतो, दोघं एकमेकांभोवती फिरतात आणि बऱ्याच वेळानं त्याचा हात तिच्या कमरेपर्यंत पोचतो. संवाद नाही. ‘मूनग्लो’ ही तिसाच्या दशकातली जुनी, सगळ्यांच्या ओठांवर असलेली चाल बँड वाजवतो आणि संगीतकार जॉर्ज ड्युनिंगनं चित्रपटासाठी बांधलेली नवी धून तिच्यावर अलगद येऊन बसते. दोन वेगळ्या चाली एकाच वेळी, एकाच ठेक्यावर, एकमेकींना धक्का न लावता. जुनी चाल गावाची, नवी धून त्या दोघांची. १९५६ साली ही एकत्र ध्वनिमुद्रिका अमेरिकेत घरोघरी वाजली आणि अजूनही ‘पिकनिक’ म्हटलं की बहुतेकांना हाच नाच आठवतो.

आठवावाच. पण चित्रपटाचं मर्म त्यानंतरच्या काही मिनिटांत आहे आणि ते फार लोक सांगत नाहीत. हॅल आणि मॅज नाचत असताना कॅमेऱ्याला सगळ्यांकडे बघायचं असतं. मिली, जिला तो मघाशी शिकवत होता. अ‍ॅलनला तर अजून काही माहीतच नाही. आणि रोझमेरी. रोझमेरी सिडनी ही व्यापार-व्यवहार विषय शिकवणारी शिक्षिका. दिवसभर आपल्याला पुरुषांची गरज नाही, असं चढ्या आवाजात सांगत हिंडणारी. शेजारच्या गावातला दुकानदार हॉवर्ड तिच्याबरोबर फिरतो, खिशात व्हिस्कीची बाटली घेऊन. कॅन्ससनं राज्यव्यापी दारूबंदी १९४८ साली उठवली होती, पण चारचौघांत पिणं गावाला अजून रुचत नव्हतं, म्हणून तो ती बाटली लपवून फिरतो. त्या रात्री रोझमेरी जास्त पिते. ती हॅलला ओढून नाचायला लावते, तो सुटू पाहतो आणि तिच्या हातात त्याचा शर्ट फाटतो. मग ती सगळ्यांसमोर त्याच्यावर तुटून पडते. तो हलकट, तो कुठल्या गटारातला, त्याची जागा कुठं आहे वगैरे. मिलीनं चोरून दारू प्यायली त्याचा दोषही हॅलवर जातो.

रोझालिंड रसेल तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची, विनोदी भूमिकांतली मोठी तारका. तिनं इथं आपल्या सगळ्या सवयी वापरल्या आणि मग त्या मोडून टाकल्या. तिचं काम जरा जास्त मोठं आहे, रंगमंचावरून उतरून आलेलं आहे, असा आक्षेप रास्त आहे. पहिल्या तासात तो खटकतो. पण त्या मोठेपणाचं कारण रात्री कळतं. ही बाई दिवसभर स्वतःला ऐकू जावं म्हणून ओरडत होती.

सहलीहून परतल्यावर ती आणि हॉवर्ड ओवेन्सच्या व्हरांड्याशी येतात. हॉवर्ड निघतो. ती त्याला जाऊ देत नाही. आधी ऐटीत सांगते, मग भांडते, मग हळूहळू विनवू लागते. माझ्याशी लग्न कर, एवढीच मागणी, पुन्हा पुन्हा. शेवटी ती गुडघ्यांवर येते. हॉवर्डच्या भूमिकेत आर्थर ओकॉनेल आहे. नाटकातही हीच भूमिका त्यानं केली होती. दुकान, स्वतःच्या सवयी, वय, सगळ्या अडचणी तो पुढे करतो आणि प्रत्येक कारण उच्चारताना त्याला स्वतःलाच ते किती पोकळ आहे ते कळत जातं. उद्या सकाळी येतो, एवढं म्हणून तो निसटतो. सकाळी तो खरंच येतो, बहुधा सध्या नको म्हणायला. पण व्हरांड्यात रोझमेरीच्या सहकारी शिक्षिका जमलेल्या असतात. त्यांना वाटतं हा न्यायलाच आला. त्या आनंदानं ओरडतात, अभिनंदन करतात. हॉवर्डचं तोंड उघडतं आणि मिटतं. ओकॉनेल काहीच करत नाही, फक्त टोपी हातात फिरवावी की डोक्यावर ठेवावी अशा गोंधळात उभा राहतो. मग त्याच्या चेहऱ्यावर एक मवाळ, थोडं घाबरलेलं हसू येतं. त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. रसेलला मिळालं नाही, कारण स्टुडिओला तिचं नाव सहायक विभागात पाठवायचं होतं आणि तिनं त्याला नकार दिला. तिचं बरोबर होतं. या कथेत रोझमेरी दुय्यम नाही.

मराठी प्रेक्षकाला इथं लीला बेणारे आठवल्याशिवाय राहणार नाही. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आलं, १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. बेणारेही शाळेत शिकवते, अविवाहित आहे, मोठ्यानं हसते, मोठ्यानं बोलते. दोघींमधला फरक मात्र मोठा आहे. बेणारेला सोबतची माणसं पिंजऱ्यात उभं करतात. रोझमेरीला कुणी उभं करत नाही. ती स्वतःच न्यायाधीश होते आणि तिनं दोषी ठरवलेला माणूस तो असतो ज्याच्याकडे तिनं काही क्षणांपूर्वी नाचायची याचना केली होती. गावाचे नियम तिच्या अंगात इतके मुरले आहेत की दुसऱ्या कुणाची गरजच उरत नाही. तेंडुलकरांनी समाज दाखवला, इंजनं समाज पचवलेली बाई दाखवली. या दोन शिक्षिका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर दोन्ही कलाकृती जास्त कळतात.

मॅजनं जावं की राहावं, या वादाचं उत्तर याच बायकांत आहे. तिच्यासमोर एका अंगणात तीन भविष्यं उभी आहेत. फ्लो स्वतः एका हॅलसारख्या माणसाच्या मागे गेली होती आणि तो तिला दोन मुलींसह टाकून गेला. रोझमेरीला कुणी विचारलंच नाही, शेवटी तिला स्वतःच विचारावं लागलं. मिसेस पॉट्सनं तरुणपणी पळून जाऊन लग्न केलं होतं, आईनं त्याच दिवशी ते रद्द करवून तिला परत आणलं. तिनं त्या माणसाचं आडनाव मात्र ठेवलं आणि आता ती त्याच अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करते. नाटकात हे सगळं ओघात येऊन जातं. व्हर्ना फेल्टननं पडद्यावर मिसेस पॉट्सला इतकी उबदार केली आहे की ते दुःख उशिरा लक्षात येतं. हॅल आल्यामुळे घरात माणसाचा वावर आला, घर भरल्यासारखं झालं, या तिच्या बोलण्यात एका आख्ख्या आयुष्याची तहान आहे.

चौथा रस्ता अ‍ॅलनचा. क्लब, मोटार, उधारखातं. तो वाईट मुलगा नाही. पण तोही मॅजकडे बघत राहतो. तिनं हलू नये, चेहरा उजेडात असाच ठेवावा, असं त्याला वाटतं. सहलीत मॅजला त्या वर्षीच्या नीवोला उत्सवाची राणी म्हणून हंसाच्या आकाराच्या होडीतून नदीवरून मिरवतात. हा उत्सव इंजच्या गावात १९१९ सालापासून ऑक्टोबरअखेरीस होतो. चित्रपटानं ती राणी सप्टेंबरच्या सहलीत आणली आणि ते फार योग्य झालं. दोन्ही काठांवर गाव उभं आहे, राणीनं फक्त बसून राहायचं आहे आणि होडी आपोआप पुढे सरकते. मॅजच्या आयुष्याबद्दल याहून जास्त बोलण्याची गरज लोगनला पडली नाही.

‘समर ब्रेव्ह’मध्ये हॅल निघून जातो, मॅज दुकानात कामाला निघते, रस्त्यावरची पोरं तिला हाका मारतात. खऱ्या आयुष्यात असंच होतं, हे इंजचं म्हणणं समजतं. पण त्या शेवटात एका रात्रीची शिक्षा म्हणून मॅजला गावाच्या हवाली केलं जातं. गावाचा निवाडा शेवटचा ठरतो. आणि हेच इंजनं मिलीच्या बाबतीत केलं नाही. पुस्तकं वाचणारी मिली सांगते की मी न्यूयॉर्कला जाईन, कादंबऱ्या लिहीन, लोकांना हादरवीन. मिलीत इंजचं स्वतःचं बरंच काही आहे. तोही इंडिपेंडन्समधून बाहेर पडला, म्हणून ही नाटकं लिहिली गेली. स्वतःसारख्या मुलीला त्यानं जायची मुभा दिली. देखण्या मुलीला का नाही? तिच्याकडे बुद्धी नाही, असं तिच्याबद्दल सगळं गावच म्हणतं. नाटककारानं तरी ते मान्य करू नये.

मॅजला जायला सांगते कोण? मिलीच. आयुष्यात एकदा तरी काही शहाणपणाचं कर, अशा अर्थानं ती बहिणीला ढकलते. दिवसभर तिच्या रूपावर जळणारी, नाचात तिच्यामुळे मागे पडलेली धाकटी बहीण. सुझन स्ट्रासबर्ग तेव्हा सतरा वर्षांची होती आणि हे वाक्य ती राग आणि प्रेम यांच्या मधोमध कुठंतरी म्हणते. लोगनचा शेवट खोटा नाही, असं वाटण्याचं हे एक मोठं कारण आहे. मॅजला हॅलनं नेलं, हे अर्धंच खरं. घरातल्या बायकांनी तिला जाऊ दिलं. फ्लो रडते, विनवते, तिला सांगायच्या राहून गेलेल्या गोष्टी आठवते. मिसेस पॉट्स तिला थोपवते आणि मुलीला स्वतःचं स्वतः शिकू द्यायला सांगते. तरुणपणी आपल्याला जे मिळालं नाही, ते ती दुसऱ्याच्या मुलीला मिळवून देते.

आणि हा सुखान्त आहे, असं चित्रपट कुठं म्हणतो? हॅलकडे नोकरी नाही, पैसा नाही. पोलीस त्याच्या मागे आहेत. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात हॉटेलात सामान उचलायचं काम मिळेल, एवढं त्याचं वचन. तो धावत जाऊन मालगाडीवर चढतो. मॅज नंतर एकटी, पेटी घेऊन बसमध्ये बसते. त्याच सकाळी त्याच घरापुढून रोझमेरीची मोटारही लग्नासाठी निघते, मागे डबे वाजवत, तांदळाच्या वर्षावात. एकाच तासात एकाच दारातून दोन बायका बाहेर पडतात. एकीला तिनं मागितलेलं मिळालं, तेही दुसऱ्याच्या मवाळपणामुळे. दुसरी काय मिळेल हे न कळताच निघाली. शेवटचं दृश्य हेलिकॉप्टरमधून घेतलेलं आहे. ते हॅस्केल वेक्सलरनं टिपलं, जो पुढे स्वतः नावाजलेला कॅमेरामन झाला. बस रस्त्यानं जाते, कॅमेरा वर उठतो आणि दूर रुळांवरची मालगाडी त्याच चौकटीत येते. दोघं एका दिशेनं चालले आहेत, पण एकत्र नाहीत. भेटीचं दृश्य लोगननं दाखवलं नाही. ते दाखवणं त्याला फार सोपं होतं.

चित्रपटात खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. अ‍ॅलनच्या मोटारीवरून पोलिसांशी होणारी झटापट, रात्रीतला पाठलाग, नदीतून पोहून पळणं, हे सगळं पटकथेत भर म्हणून आलं आणि त्यानं हॅलची गोष्ट उगाच पोलिसी झाली. काही संवाद अजून रंगमंचावरच उभे आहेत. तरी ज्या निर्णयावर सर्वाधिक टीका झाली, तोच चित्रपटाचा सर्वांत भक्कम निर्णय आहे.

‘पिकनिक’ नाटकानंतर इंजनं ‘बस स्टॉप’ आणि ‘द डार्क अ‍ॅट द टॉप ऑफ द स्टेअर्स’ लिहिली, ‘स्प्लेंडर इन द ग्रास’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळवलं. पुढे अपयशांची रांग लागली आणि १९७३ साली लॉस एंजेलिसमध्ये त्यानं आत्महत्या केली. दोन वर्षांनी, १९७५ साली, ‘समर ब्रेव्ह’ ब्रॉडवेवर आलं आणि थोड्याच दिवसांत उतरलं. न्यूयॉर्कच्या राउंडअबाउट थिएटर कंपनीनं मॅज आणि हॅलची ही गोष्ट १९९४ साली आणि पुन्हा २०१३ साली रंगमंचावर आणली. दोन्ही संहिता हाताशी असताना दोन्ही वेळा त्यांनी ‘पिकनिक’च निवडलं, मॅज निघून जाते ते.